घराच्या वतीने

कुलेलेने डुक्कर मैदानी भागातल्या परक्या कसायाकडून कापून आणलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

टेम्पोतून प्लास्टिकच्या पिशव्या उतरल्या. प्रत्येकीत सारखंच, थोडी चरबी, थोडं मांस, एखादी बरगडी. कसायाने भल्या मनाने वजन करून वाटे घातले होते, कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. म्हाताऱ्या सेलेपने एक पिशवी उघडून आत पाहिलं, मग दुसरी, मग तिसरी. मग ती दाराजवळच्या बाकावर बसली.

"मांडी कुठाय?"

"कुठली मांडी, किना?" कुलेलेने आईला विचारलं.

"डुकराला मागे मांडी असते. ती कुठाय?"

कुलेले पिशव्यांकडे बघायला लागला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "यातच असेल. सगळ्यांत थोडी थोडी."

लेगेआय मामा, म्हणजे सेलेपचा धाकटा भाऊ, मंडपात खुर्च्या मांडत होता. त्याने पिशव्या पाहिल्या आणि त्याला हसू आवरेना. "वा रे पठ्ठ्या! इतकी सरकारं आली नि गेली, आम्हाला सगळ्यांना एका मापात बसवायचं कुणाला जमलं नाही. तू एका सकाळी करून दाखवलंस."

"मामा, गप्प बस ना."

"मी गप्प बसेन रे. पण आता मांडी गप्प बसली, त्याचं काय?"

बाहेरच्या माणसाला यात जीव काढण्यासारखं काय ते कळायचं नाही. आमच्यात बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी डुक्कर कापतात, आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस मागची मांडी ज्याच्या हातात देईल, घर पुढे त्याचं. बोलायचं काही नसतं. ज्याला समजायचं त्याला समजतं, ज्याला रडायचं तो घरी जाऊन रडतो. भावाबहिणींवर समोरासमोर तोंड उघडायची वेळ येऊ नये म्हणूनच ही पद्धत कुणा शहाण्याने घालून दिली असणार.

सेलेपने ती मांडी केव्हाच मनात ठरवून ठेवली होती. ती द्यायची होती आरुआयला. आरुआय तिची थोरली मुलगी, आणि आमच्यात घर थोरल्याचं, मग मुलगा असो की मुलगी. ती तैपेईला विद्यापीठात इतिहास शिकवते, सणावारी येते, दोन दिवस राहते आणि जाताना म्हणते, पुढच्या वर्षी जास्त राहीन. हातात मांडी पडली की बरोबर येईल परत, असा म्हातारीचा डाव होता.

आणि कुलेले? आईला पाठीवर घेऊन वादळात डोंगर उतरणारा कुलेले, तिच्या गुडघ्यासाठी दर महिन्याला दवाखान्यात ताटकळणारा कुलेले. मांडी आपल्यालाच मिळणार याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. म्हणून तर ती वेगळी काढून ठेवायला सांगणं राहून गेलं.

*

आरुआय दुपारी पोचली तेव्हा मंडपात गाणी सुरू झाली होती आणि शेजारणी चिनावूची, पानांत गुंडाळून उकडलेल्या बाजरी-मांसाच्या पुड्यांची टोपली फिरवत होत्या. तिला बघताच गाणं जरा खाली आलं. तिने ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

"तुझ्या भावाने डुकराचा कीस पाडलाय," मामा तिच्या कानाशी म्हणाला. "आता तुम्हाला बोलावं लागणार. आत जा. आणि हे घे, घोटभर पिऊन जा, लागेल."

बाजरीच्या दारूचा पेला तिने तसाच त्याच्या हातात परत दिला.

आतली खोली लहान होती. वादळानंतर डोंगरावरून खाली आणलं तेव्हा सगळ्यांना अशीच घरं मिळाली, एकाला एक चिकटलेली, एकाच रंगाची. सेलेप खाटेवर होती, कुलेले भिंतीला टेकून उभा. त्याची बायको पेलेंग महिन्याच्या बाळाला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली होती. बाळाला अजून नाव नव्हतं. सेलेप तिला वुवू म्हणायची. आमच्यात आजी नातीला वुवू म्हणते आणि नातही आजीला वुवूच म्हणते, त्यामुळे म्हातारीची अडचण नव्हती.

मामाने आत येऊन दार लोटलं. मंडपातली गाणी चालू राहिली, पण इतक्या हळू की आतलं सगळं ऐकू जावं.

"नाव एक आहे, पोर एक आहे," मामा म्हणाला. "वावाउनी. ठेवा आणि बाहेर या, लोक खोळंबलेत."

"ते नाव घराबरोबर जातं," सेलेप म्हणाली. "वावाउनीने या घराचा पहिला दगड ठेवला. तिचं नाव थोरल्याच्या पोटच्यालाच. कुलेलेच्या पोरीला दिलं, की घर कुलेलेचं झालं. मग आरुआय कोण?"

"ताई ताईच राहील," कुलेले म्हणाला.

"गेलेली! घरातून गेलेली बाई होईल ती. आणि गेलेल्या माणसाला घराची गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही. माझ्या मावशीला आली नाही, हिला कशी येईल?"

सगळ्यांनी आरुआयकडे पाहिलं. ती खाली बसली.

म्हातारीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आरुआयचं सगळं आयुष्य त्या गोष्टीवर उभं होतं. वावाउनी डोंगरउतारावर कशी आली, पाटीच्या दगडांचं घर कसं बांधलं. मग जपानी पोलीस कसे आले, तारुवालान या त्यांच्या घराची माणसं डोंगराच्या मध्यापर्यंत खाली आणून कशी वसवली आणि मागे राहिलेला उतार 'बेवारस' म्हणून सरकारजमा कसा केला. मग जपानी गेले, दुसरं सरकार आलं, त्याने उतार ठेवून घेतला आणि वर चिनी आडनावं वाटली, तीही अशी की सेलेपचं एक आणि तिच्या पाठच्या लेगेआयचं दुसरंच. आरुआयने यावर प्रबंध लिहिला, देशोदेशी व्याख्यानं दिली. बाहेरून आलेले लोक आधी जमीन रिकामी आहे असं लिहितात आणि मग तिच्यावर राहायला येतात, हे तिच्याइतकं नीट समजावणारं दुसरं कुणी नाही असं तिचे विद्यार्थी म्हणत. हे सगळं ती बोलू शकली कारण ती थोरली होती आणि आईने तिला शब्द दिला होता.

आणि पुढच्या आठवड्यात त्या उताराची सुनावणी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरकारने नेमलेली समिती तारुवालान घराचं म्हणणं ऐकून घेणार होती. घराच्या वतीने एकानेच बोलायचं होतं. आरुआयच्या मनात ते भाषण वीस वर्षं तयार होत होतं.

"म्हणजे हिच्या भाषणासाठी माझ्या पोरीला नाव नाही," कुलेले म्हणाला.

"तसं कुणी म्हटलं?" आरुआय म्हणाली.

"म्हणायला कशाला हवं? ताई, तू इथे नसतेस. तुला माहीत नाही किनाला रात्री कुठली गोळी लागते. शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडण झालं ते तुला माहीत नाही. घर म्हणजे फक्त गोष्ट नाही ना! गोष्ट तू घेऊन गेलीस, बाकी सगळं माझ्याकडे ठेवून."

"कुलेले!" सेलेपने खाटेवर हात आपटला.

"बोलू दे, अक्का," मामा म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "पोरगा खोटं बोलत नाही."

"तू त्याच्याच बाजूने बोलणार. तुझं दार तोच दुरुस्त करून देतो."

"देतो खरा. तुझंही तोच करून देतो."

आपण चुकीचं काही केलेलं नाही असं आरुआयला वाटत होतं, आणि भाऊ बोलतोय ते खरं आहे हेही दिसत होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे वर्गात सांगायला सोपं असतं.

*

"मला नकोय ते नाव."

पेलेंग हे इतक्या शांतपणे म्हणाली की कुलेलेला वाटलं ती बाळाशी बोलतेय.

"काय?"

"वावाउनी. मला माझ्या मुलीसाठी नकोय. नाकापेक्षा मोती जड."

पेलेंग आरोग्य केंद्रात परिचारिका होती, साध्या घरातली. हे लग्न झालं तेव्हा सेलेपने महिनाभर तोंड फिरवलं होतं, आणि इतक्या मोठ्या घराचं नाव नाकारायची हिंमत ही सून करेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पेलेंगने हात बाळाच्या दुपट्यात खुपसले.

"मी शाळेत होते तेव्हा ताई आमच्या शाळेत बोलायला आल्या होत्या," ती म्हणाली. "मी शेवटच्या बाकावर होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आपल्यातली मुलगी अशी उभी राहून बोलू शकते. मी घरी जाऊन आईला म्हटलं, मी पण शिकणार. ताई, तुम्हाला आठवणारही नाही."

"नाही आठवत," आरुआय हळूच म्हणाली.

"तुम्ही गेलात, शिकलात. का जाता आलं? हे मागे राहिले म्हणून. आता हे नाव माझ्या मुलीला द्याल, तिचे पाय या घराला बांधाल. तिला जायचं झालं तर मागे कोण राहील? ती एकटीच आहे. मला आता दुसरं होणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

कुलेले मटकन खाली बसला. नवरा म्हणून हे त्याला माहीत होतं, पण ही सगळ्यांसमोर असं बोलेल याची त्याला कल्पना नव्हती. आपण जे मागत होतो ते बायकोला ओझं वाटतंय, हे तिने घरात एकदाही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि आपण ऐकलं नसेल, असंही त्याच्या मनात आलं.

सेलेपचे डोळे मात्र चमकले. "बघा! सून शहाणी निघाली. पोरीला माझ्या आईचं नाव ठेवू, साधं, गोड. मांडी आरुआयची. झालं, उठा."

काल जिच्या हातचा चहा म्हातारीला पाणचट लागत होता, तीच आज शहाणी झाली. मामाने कपाळावर हात मारला.

आरुआयला कळून चुकलं की तिला आता काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. दोन बायका तिच्या बाजूने होत्या, भाऊ खचला होता. ती मूग गिळून बसली की नाव राहतं, गोष्ट राहते, सुनावणी राहते. पुढच्या वर्षी जास्त राहीन असं पुन्हा एकदा म्हणायचं, बस्स. आणि तिच्यामागे कुणी नसल्यामुळे एक दिवस हे घर तिच्याबरोबर मिटून जाईल, पण तेव्हा ते बघायला ती नसेल.

तिला ते हवं होतं. लपवण्यात काय अर्थ? तिला ती सुनावणी फार फार हवी होती.

"किना," ती म्हणाली, "मी परत येणार नाही."

"आज कुठे म्हणतेय मी? पुढे."

"पुढेही नाही."

सेलेपने तिच्याकडे असं पाहिलं की आरुआयला पुढचं बोलवेना. पण ती बोलली. "मी दर वर्षी तुला खोटी आशा दाखवते. मला तिकडचं काम आवडतं. मुलं आवडतात, वाचनालय आवडतं, माझी ती गळकी खोलीसुद्धा आवडते. मी इथे आले तर दोन महिन्यांत तुझ्याशी भांडून घर डोक्यावर घेईन. मी तशीच आहे."

"तू थोरली आहेस," सेलेप म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला. "तुला मी पहिल्यांदा कडेवर घेतलं, तेव्हाच मनात म्हटलं, चला, घराची काळजी मिटली."

"माहीत आहे गं."

"मग?"

आरुआयने आईचा हात हातात घेतला. दोघीही रडत होत्या आणि दोघींनाही त्याची लाज वाटत नव्हती. मंडपातलं गाणं आता साफ थांबलं होतं.

मग ती पेलेंगकडे वळली. "तू म्हणतेस ते खरं आहे. हे नाव म्हणजे ओझं आहे. मी थोरली जन्मले तेव्हा त्याच्याबरोबरचं घर माझ्या गळ्यात पडलं. आज मी ते सगळ्यांदेखत उतरवते आहे, तुझ्या समोर, मामांच्या समोर, आणि बाहेर कान लावून बसलेल्या सगळ्या गावासमोर. थोरल्याला घर खाली ठेवता येतं, हे एकदा झालं की झालं. उद्या तुझ्या मुलीला नको वाटलं तर ती म्हणू शकेल, माझ्या आत्यानेही घर खाली ठेवलं होतं."

"असं आमच्यात कधी झालेलं नाही," मामा पुटपुटला.

"आता झालंय ना, मामा."

पेलेंगने बाळाचं दुपटं सारखं केलं. "नुसतं तुम्ही म्हणून भागणार नाही. हे सगळ्यांनी म्हणायला हवं."

"तिला जायचं असेल त्या दिवशी मीच तिला स्टेशनवर सोडेन," कुलेले म्हणाला. "मागे काय होईल ते माझं मी बघेन. आणि तू मला हे आधी का नाही..." तो थांबला. "सोडेन. शब्द दिला."

"अक्का?" मामाने विचारलं.

सेलेपने नाक पुसलं, डोकं हलवलं, पुन्हा नाक पुसलं. "म्हातारीला शेवटी विचारता होय रे! द्या पोरीला इकडे. नको, आरुआयकडेच द्या. नाव तिच्या हक्काचं होतं, तिनेच सांगावं."

आरुआयने बाळ घेतलं. ते गरम होतं आणि त्याला दुधाचा वास येत होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं आणि मग आमच्या रीतीप्रमाणे बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटलं. मंडपातून एकच आरोळी आली. कुणाच्या हातची खुर्ची पडली, कुणी भांडं वाजवलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि ते झोपून गेलं.

*

उठून बाहेर जायच्या बेतात असलेल्या कुलेलेला आरुआयने थांबवलं. कोनाड्यातल्या टोपलीतून तिने सुपारी घेतली, चुना लावला, पानात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी भावापुढे धरली, परक्या घरी काही मागायला गेलेला माणूस धरतो तशी.

"पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. तारुवालान घराची गोष्ट मला तिथे सांगायची आहे. परवानगी द्या."

"ए ताई, लाजवतेस का? द्या काय!"

"नीट उत्तर दे," सेलेप म्हणाली. "घर म्हणून विचारतेय ती."

कुलेलेने इकडे-तिकडे पाहिलं. पेलेंग गंभीर होती. मामासुद्धा हसत नव्हता. त्याने सुपारी घेतली, तोंडात टाकली आणि खिडकीशी जाऊन चावत उभा राहिला. त्याला चटकन हो म्हणता आलं असतं. ताई त्याच्यापेक्षा शंभरपट चांगली बोलायची, ते सगळं जग जाणत होतं. त्याला चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. पण लहानपणापासून तो त्या गोष्टीच्या कडेला बसून ती ऐकत आला होता, आधी आजोबांकडून, मग आईकडून, मग टीव्हीवर ताईकडून. आणि आज पहिल्यांदा कुणीतरी ती त्याच्याकडे मागत होतं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" मामा ओरडला.

"तिथे मी बोलेन." कुलेले वळला. त्याचे कान लाल झाले होते. "ताई, तू शेजारी बस. नाही, नको. मागे बस. शेजारी बसलीस तर मी तुझ्याच तोंडाकडे बघत राहीन."

आरुआयला वाटलं, कुणीतरी खाडकन थोबाडीत दिली. ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच ती सांगू द्या, हे तिने कितीदा लिहिलं होतं, किती सरकारी माणसांना, किती थोर प्राध्यापकांना तोंडावर सुनावलं होतं. तेव्हा ते लोक असे ओशाळे का होतात, रागावतात का, हे तिला आता कळलं. फार लागलं तिला. आणि त्या लागण्यातच, खोल कुठेतरी, आपला भाऊ नाही म्हणाला याचा तिला अभिमानही वाटला.

"बरं," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"हो."

"खूप?"

"आत्ता खूप. पुढच्या आठवड्यापर्यंत कमी होईल."

कुलेले घुटमळला. मग डोकं खाजवत म्हणाला, "सुरुवात कशी करू गं?"

ती रडताना हसली. "उभा राहा सरळ. आधी तू कोण ते सांग."

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, हात पॅन्टला पुसले आणि समोरच्या कपाटाला समिती समजून बोलायला लागला. "मी कुलेले. तारुवालान घराचा. सेलेपचा मुलगा, वावाउनीचा बाप." इथे मामाने शिट्टी वाजवली आणि पेलेंगने त्याला दटावलं. "आमची पहिली वावाउनी त्या उतारावर आली. तिने तिथे पाटीच्या दगडांचं घर बांधलं. मग पोलिसांनी आम्हाला खाली आणलं आणि कागदावर लिहिलं की तिथे कुणी नाही. पण तिथे... त्या जागी..."

तो अडला.

पुढचं वाक्य आरुआयच्या जिभेवर होतं. सुंदर वाक्य होतं ते, घासून-पुसून केलेलं. परदेशातल्या मोठ्या सभागृहात त्यावर लोक उभे राहिले होते. कुलेले मान वळवून तिच्याकडे बघू लागला. सेलेपही बघत होती. आरुआयने दात घट्ट आवळले आणि नजर जमिनीवर ठेवली.

कुलेलेने पुन्हा कपाटाकडे तोंड केलं.

"त्या जागी आमची चूल आहे," कुलेले म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी तिथे जातो तेव्हा ती पेटवतो. मागच्या वेळी तिच्यात अळकुड्या भाजून खाल्ल्या. ज्या साहेबांना ती जागा रिकामी दिसते त्यांनी माझ्याबरोबर वर यावं. अळकुड्या मी देईन."

हे तिला माहीत नव्हतं. तिच्या एकाही पानावर ते नव्हतं.

"पुढे बोल," आरुआय म्हणाली, आणि ऐकत बसली.